मोठे टायर आणि हरवलेले पाच किलोमीटर

नगरहून पुण्याला जाणारा रस्ता सुमारे १२० किलोमीटरचा. चास, कामरगाव, सुपे, वाडेगव्हाण, शिरूर, रांजणगाव, कोरेगाव भीमा अशी गावे मागे टाकत तो वाघोलीवरून पुण्यात शिरतो. आता समजा, एकाच दिवशी दोन बोलेरो या रस्त्याने गेल्या. दोन्ही एकाच वर्षाच्या, दोन्हींचे मीटर ठणठणीत. पहिलीने पुण्यात पोहोचल्यावर १२० किलोमीटर दाखवले, दुसरीने ११५. रस्ता तोच. फरक एवढाच की दुसरीला मालकाने हौसेने एक माप मोठे टायर घातले होते. मधले पाच किलोमीटर गेले कुठे?

पारनेर तालुक्याला हा प्रश्न जवळचा आहे. तालुक्याच्या एका अंगाने नगर-पुणे रस्ता जातो आणि दुसऱ्या अंगाने भाळवणी, टाकळी ढोकेश्वरवरून आळेफाटा, माळशेज, कल्याणकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१. वस्तीपासून डांबरीपर्यंत खडकाळ, मुरमाड वाटा आणि डांबरी लागली की थेट महामार्ग, असा इथल्या गाडीचा रोजचा दिनक्रम. वाटेवरचे दगड पोटाला लागू नयेत म्हणून, आणि थोडे रुबाबासाठीही, एसयूव्हीला मोठे टायर चढतात. पहिल्या महिन्यातच तक्रार सुरू होते, ‘गाडीचं ॲव्हरेज पडलं.’

ॲव्हरेज पडते हे खरे. पण मीटर दाखवतो तेवढे ते पडत नाही. मोठा टायर थोडे डिझेल खातो आणि त्याच्याबरोबर किलोमीटरही खातो. या दोन खाण्यांचा हिशेब वेगळा मांडला, तरच खरे नुकसान समजते.

टायरच्या अंगावरचा हिशेब

बोलेरोच्या मूळ टायरच्या बाजूवर ‘२१५/७५ आर १५’ असे ठळक अक्षरांत कोरलेले असते. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे रबराच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ७५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये तिचे पेटंट घेतले. शेवटचे १५ म्हणजे आतल्या डिस्कचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असा तिरपागडा कारभार आहे, पण त्यातून टायरची पूर्ण उंची काढता येते.

२१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१ मिलिमीटर. भिंत वरही येते आणि खालीही, म्हणून ती दोनदा धरायची. त्यात १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर मिळवले की उंची सुमारे ७०३ मिलिमीटर भरते. हौशी मालक बरेचदा याच डिस्कवर ‘२३५/७५ आर १५’ हे माप बसवून घेतात. त्याची उंची येते ७३३ मिलिमीटर. दोन्हींत ३० मिलिमीटरचा फरक. गाडी प्रत्यक्षात त्याच्या निम्मीच, म्हणजे १५ मिलिमीटर उचलली जाते. दीड सेंटिमीटर.

परीघ मात्र पूर्ण वाढतो. लहान टायर एका वेढ्यात सुमारे २.२१ मीटर चालतो, मोठा २.३० मीटर. एक किलोमीटरला लहान टायरचे साधारण ४५२ वेढे होतात, मोठ्याचे ४३४. (गाडीच्या वजनाने टायर थोडा दबतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे किंचित बदलतात, दोन्हींमधले प्रमाण तेच राहते.)

पाच किलोमीटरचे कोडे इथेच सुटते. गाडीला रस्ता दिसत नाही. चाकाला जोडलेली यंत्रणा फक्त वेढे मोजते आणि कारखान्यात ठरवून दिलेल्या परिघाने त्यांना गुणते. मालकाने टायर बदलले, हे तिला कोणी सांगितलेले नसते. मोठा टायर तोच रस्ता ४.१ टक्के कमी वेढ्यांत उरकतो. यंत्रणा जुन्या परिघानेच गुणत राहते आणि १२० किलोमीटरचे ११५ होतात.

पटत नसेल तर खडू आणि टेप घ्यावी. सपाट जागी टायरवर खडूने एक आडवी रेघ ओढायची आणि तिच्या बरोबर खाली जमिनीवरही एक खूण करायची. मग गाडी हळूहळू पुढे ढकलत रेघ दहा वेळा खाली येऊ द्यायची आणि तिथे दुसरी खूण करून मधले अंतर मोजायचे. मूळ टायरला ते बावीस मीटरच्या आसपास भरेल. मोठ्या टायरला जवळपास एक मीटर जास्त.

ॲव्हरेजचा आभास

आता डिझेलकडे येऊ. उदाहरणासाठी धरू की मूळ टायरवर गाडी महामार्गाला लिटरमागे १५ किलोमीटर जाते. नगर-पुणे १२० किलोमीटरला आठ लिटर लागले. टायर मोठे केले आणि घटकाभर मानू की डिझेलचा एक थेंबही जास्त लागला नाही. तेच आठ लिटर, पण मीटर म्हणतो ११५. भागाकार येतो १४.४. काहीच बिघडले नसताना ॲव्हरेज सहा दशांशाने ‘पडले’.

आता डिझेल खरोखर पाच टक्के जास्त लागले असे धरू, म्हणजे ८.४ लिटर. मीटरवरच्या ११५ किलोमीटरांना ८.४ ने भागले तर १३.७ येतात. खऱ्या १२० किलोमीटरांना भागले तर १४.३. मालक म्हणतो, १.३ ने पडले. खरे नुकसान आहे ०.७. तक्रारीतला जवळजवळ निम्मा भाग मीटरचा आहे.

यात आणखी एक गोम असते. नवे टायर आपण सहसा जुने झिजल्यावरच घालतो. नव्या टायरच्या नक्षीची खोली आठ मिलिमीटर असेल आणि जुन्याची झिजून दोनवर आली असेल, तर दोन्ही बाजूंनी मिळून व्यासात बारा मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे पावणेदोन टक्के. मूळ मापाचेच नवे टायर घातले तरी गाडी आधीपेक्षा कमी किलोमीटर दाखवणार. शिवाय टायर झिजतो तसा त्याचा रस्त्यावरचा ओढाही कमी होतो, त्यामुळे गोटा झालेला टायर डिझेलच्या बाबतीत काटकसरी असतो. ब्रेक दाबल्यावर, विशेषतः पावसात, त्याची किंमत कळते. नक्षीच्या खाचांत तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या लहान गाठी ठेवलेल्या असतात. रबर झिजून त्या गाठींना टेकले की त्या टायरचे दिवस भरले. नवा मोठा टायर आणि जुना गुळगुळीत टायर यांची तुलना म्हणूनच सुरुवातीपासून असमान असते.

धाव लहान की मोठी?

मोठे चाक गाडी जड करते, असा समज आहे. बैलगाडीचा अनुभव उलटे सांगतो. जुन्या गाडीची चाके चार-पाच फुटी असत. तुंबा, आरे आणि वर लोखंडी धाव. लोहार धाव गोवऱ्यांच्या जाळात तापवायचा. ती फुगली की लाकडी चाकावर बसवून पाणी ओतायचा आणि थंड होताना ती आवळून चाकाला घट्ट धरून बसायची. चाक मोठे असेल तेवढे ते खड्ड्यात कमी उतरते आणि धोंड्यावर सहज चढते, हे तेव्हाच्या शेतकऱ्याला बिनगणिताचे माहीत होते. ‘धाव’ हा टायरसाठी मराठीचा जुना शब्द. जॉन बॉइड डनलॉपने १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले, त्याच्या कितीतरी आधीचा.

हवेच्या टायरलाही हे तत्त्व लागू आहे. बाकी सगळे सारखे असेल, तर मोठ्या व्यासाचे चाक किंचित हलके फिरते. अडचण अशी की बाकी सगळे सारखे राहत नाही.

टायर फिरताना रस्त्याला टेकलेला भाग चेपतो आणि पुढे जाऊन पुन्हा फुलतो. चेपताना रबर जेवढी ऊर्जा घेते तेवढी फुलताना परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन जाते. महामार्गावर तासभर पळालेल्या टायरला हात लावला तर तो कोमट लागतो. ती ऊब म्हणजे टाकीतले डिझेल. किलोमीटरला साडेचारशे वेळा हे चेपणे-फुलणे चालते. रबर जितके जाड, नक्षीचे ठोकळे जितके उंच आणि मोकळे, तितकी ही गळती मोठी. मोठ्या मापाबरोबर लोक बहुधा ‘ऑल टेरेन’ जातीचा दणकट टायर घेतात. गळती वाढते ती मुख्यतः त्या जातीमुळे.

टायरचा ओढा मोजायची एक सोपी रीत आहे. एक टन वजन सपाट रस्त्यावर फिरते ठेवायला किती किलोचा जोर लागतो? मोटारीच्या टायरना साधारण ७ ते १४ किलो. दोन टनांची भरलेली एसयूव्ही टनामागे १० किलोच्या टायरवर असेल, तर वीस किलोचा जोर. कांद्याच्या अर्ध्या गोणीपेक्षाही कमी! टायरची जात बदलून हा ओढा पाव हिश्शाने वाढला तर २५ किलो. अमेरिकेच्या वाहतूक संशोधन मंडळाने २००६ मध्ये काढलेला अंदाज असा की टायरचा ओढा दहा टक्के बदलला, तर इंधनात एक ते दोन टक्के फरक पडतो. म्हणजे पाव हिश्शाच्या वाढीला अडीच ते पाच टक्के डिझेल. भारतातही २०२२ मध्ये केंद्र सरकारने टायरचा ओढा, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या मर्यादा नियमांत आणल्या.

हवा कमी असली की हीच गळती वाढते. दाब एक पीएसआयने उतरला तर इंधन सुमारे ०.२ टक्के जास्त जाते. शेतातल्या मऊ मातीत कमी हवा फायद्याची, कारण टायर पसरतो आणि रुतत नाही. तीच हवा घेऊन महामार्गाला लागले की फायदा संपला. दाब तपासायचा तो सकाळी, टायर थंड असताना.

कवड्या डोंगरावरची पाती

सुप्याच्या परिसरात कवड्या डोंगरावर पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. इथला वारा विकत घेण्याजोगा आहे, याची ती जाहिरातच. त्याच वाऱ्यातून गाडीला वाट काढायची असते.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर अडथळा चौपट. चौकोनी बांध्याच्या एसयूव्हीचा कच्चा हिशेब मांडला, तर ताशी ६० किलोमीटरला हवा सुमारे २० किलोच्या जोराने मागे रेटते, जवळपास टायरच्या ओढ्याएवढ्याच. ८० ला ३५ किलो. १०० ला ५५. साठच्या आसपास टायर आणि हवा बरोबरीने लढतात. त्यापुढे मैदान हवेचे. पारनेरचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटर उंच असल्याने इथली हवा कोकणपट्टीपेक्षा सहा-सात टक्क्यांनी विरळ आहे. वरचे आकडे काढताना तेवढी सवलत धरलेली आहे.

मोठा टायर या लढाईत तीन बाजूंनी हवेला मदत करतो. तो रुंद असतो, म्हणून समोरून अधिक हवा अडवतो. तो गाडी उचलतो, म्हणून पोटाखालून अधिक हवा घुसते. चाके आणि त्यांच्या कमानी मिळून मोटारीच्या एकूण हवारोधाचा सुमारे चौथा हिस्सा होतो, त्यामुळे तिथला थोडा बदलही जाणवतो.

तिसरी बाजू छुपी आहे. वेगाचा काटाही वेढेच मोजतो. मूळ टायरवर तो बरोबर ८० दाखवत असेल, तर मोठ्या टायरवर काटा ८० वर असताना गाडी ८३ च्या पुढे पळत असते. हवेचा अडथळा तेवढ्यानेच नऊ टक्के वाढतो. चालकाला वाटते आपण नेहमीच्याच वेगात आहोत. किलोमीटर कमी मोजले जातात, डिझेल जास्त जळते आणि दोन्हींचे खापर टायरच्या वजनावर फुटते. (काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम असल्याने कंपन्या तो थोडा चढाच ठेवतात. मोठा टायर ही राखीव जागा खाऊन टाकतो.)

वाऱ्याची दिशाही हिशेबात धरायला हवी. पावसाळ्यात वारे पश्चिमेकडून येतात आणि नगरहून पुण्याला जाताना तोंड नैर्ऋत्येला असते. समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा असेल, तर ८० ने जाणाऱ्या गाडीला हवा १०० च्या जोराने लागते. अडथळा दीडपटीहून जास्त. आषाढात एकाच फेरीवरून टायरला दोषी ठरवणे म्हणूनच अन्यायाचे.

माळशेज चढताना

पारनेरचे मुंबईकर सणासुदीला गावी येतात ते बहुतेक कल्याण, मुरबाड, माळशेज या वाटेने. जाताना गाडी चांगले ॲव्हरेज देते आणि येताना कमी, हा त्यांचा कायमचा अनुभव. दोन टनांची गाडी सातशे मीटर उचलायची म्हणजे, इंजिनची कार्यक्षमता धरून, एक लिटरहून थोडे जास्त डिझेल निव्वळ चढाचे.

मोठ्या टायरचा इंजिनवरचा परिणाम इथे कळतो. टायर मोठा झाला की प्रत्येक गिअर चार टक्क्यांनी ‘लांब’ होतो. सपाटीवर त्याच खऱ्या वेगाला इंजिन कमी फेऱ्यांत चालते आणि ताकदीला वाव असेल तर थोडे डिझेलही वाचते. काही जणांना टायर मोठे केल्यावर महामार्गाचे ॲव्हरेज जवळपास तेवढेच राहिल्याचे दिसते, त्यामागचे एक कारण हे. घाटात मात्र तोच चार टक्के जोर चाकाला कमी पडतो. जिथे चौथ्यात गाडी निघायची तिथे तिसरा टाकावा लागतो आणि सपाटीवर कमावलेले वळणावर जाते. ब्रेकचेही तसेच. टायरची त्रिज्या वाढली की तेवढ्याच दाबाला रस्त्यावर ब्रेकचा जोर चार टक्के कमी मिळतो.

राहिले वजन. धावेवरचा एक किलो वेग घेताना दोन किलोंसारखा वागतो, कारण तो गाडीबरोबर पुढे जातो आणि वर गरगरतोही. चाकामागे तीन किलो वाढले असे धरले, तर चारांचे बारा आणि परिणाम चोवीस किलोंचा. दोन टनांच्या गाडीत हे एक-सव्वा टक्का. नगर शहरातल्या गतिरोधकांवर, थांबत-सुटत जाताना ते जाणवेल. एकदा वेग धरला की सपाट महामार्गावर वजनाची भूमिका फारच थोडी उरते.

मीटरचा खेळ बाजूला काढला तर काय उरते, याची एक झलक ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकी मासिकाने २०१० मध्ये दाखवली. त्यांनी एकाच फोक्सवॅगन गोल्फला १५ पासून १९ इंचांपर्यंतच्या डिस्क घातल्या, पण टायरची पूर्ण उंची जवळपास तीच ठेवली. म्हणजे वेढे तेवढेच. तरीही सर्वांत मोठ्या जोडीवर इंधनाचे ॲव्हरेज दहा टक्क्यांनी घसरले. रुंदी, वजन आणि रबर यांचे ते खरे नुकसान होते.

दोन एमआयडीसी

पारनेरमध्ये ‘एमआयडीसी’ म्हटले की सुप्याची औद्योगिक वसाहत डोळ्यांसमोर येते. मोटारींच्या जगात मात्र याच अक्षरांचा अर्थ वेगळा आहे, ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’. गाडीच्या जाहिरातीत प्रमाणित ॲव्हरेजचा जो आकडा छापला जातो, तो या चाचणीचा. प्रयोगशाळेत गाडीची चाके रुळांवर ठेवून ती जागच्या जागी १,१८० सेकंद चालवतात. अंतर अकरा किलोमीटरच्या आत, सरासरी वेग ताशी ३० च्या थोडा वर आणि कमाल ९०. अशी चाचणी घेणाऱ्यांतली पुण्याची एआरएआय ही सर्वांत परिचित संस्था. पण पारनेरकरांना एवढे लांब जायची गरज नाही. खुद्द नगरमध्ये डीआरडीओची वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे आणि तिथल्या चाचणी मार्गांवर वाहने पारखली जातात.

रस्त्यावरचा ओढा मोजायची तज्ज्ञांची पद्धत तर अगदी साधी आहे. बंदिस्त, सपाट मार्गावर गाडीला वेग द्यायचा, न्यूट्रल करायची आणि ती आपोआप किती वेळात मंदावते ते पाहायचे. हवा आणि टायर मिळून किती ओढतात, ते त्या सेकंदांतून निघते. पुढे हाच ओढा प्रयोगशाळेतल्या रुळांवर लावला जातो. या सगळ्यात गाडीवर असतात ते कंपनीने दिलेले टायर. मालकाने नंतर घातलेल्या मापाशी त्या आकड्याचा काही संबंध राहत नाही. (हा न्यूट्रलचा प्रयोग घाटात किंवा वाहत्या रस्त्यावर करायचा नसतो.)

घरची कसोटी

महामार्गाच्या कडेला पिवळ्या टोपीचे किलोमीटरचे दगड उभे असतात. मोबाइलवरचा जीपीएस आता सगळ्यांकडे आहे. दगड मोजून वीस किलोमीटर जायचे आणि मीटरवर किती भरले ते पाहायचे. १९.२ भरले, तर खऱ्या अंतरासाठी मीटरच्या आकड्याला १.०४ ने गुणायचे. मग एकाच पंपावर, एकाच नळीने, ती आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरून घ्यायची, जाऊन-येऊन फेरी करायची म्हणजे चढ-उतार आणि वारा आपसांत फिटतात, आणि परत येऊन तशीच टाकी भरायची. वेग जीपीएसवर धरायचा, काट्यावर नाही. अशा तीन फेऱ्यांचा हिशेब खरा.

तेवढे केल्यावरही आपल्या उदाहरणातली तूट उरली, लिटरमागे ०.७ किलोमीटर, तर वर्षाला अठरा हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला ती साठेक लिटर पडते. दीड सेंटिमीटर उंचीची ही किंमत. वस्तीच्या वाटेवर रोज पोट घासणाऱ्याला ती परवडेल. फक्त डांबरीवर पळणाऱ्याने विचार करावा. टायर घ्यायचेच असतील, तर कंपनीने त्या गाडीला मंजूर केलेल्या मापांत राहावे, चारही चाके आणि स्टेपनी एकाच मापाची ठेवावीत आणि दाब दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला धरावा.

आणि मीटरशेजारी कागदाची एक पट्टी चिकटवून तिच्यावर ‘गुणिले १.०४’ लिहून ठेवावे. नगर ते पुणे तेव्हा पुन्हा १२० किलोमीटर होईल. सर्व्हिसिंगचा हिशेब चुकणार नाही. आणि ॲव्हरेज विचारणाऱ्याला सांगताना टायरवर त्याने न केलेली चोरी लादली जाणार नाही. केलेली मात्र नेमकी सांगता येईल.